स्वयंप्रतिकार मधुमेहात ‘होमा-आयआर’वर विसंबू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत इन्सुलिन प्रतिरोधाविषयीचा, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होण्याविषयीचा, लेख अलीकडेच वाचला. पोट सुटणे, मानेवर काळपट जाडसर पट्टे येणे, उपाशीपोटी इन्सुलिन वाढलेले आढळणे आणि त्यातून पुढे टाइप टू मधुमेह उद्भवणे, हा क्रम लेखात सोप्या भाषेत मांडला आहे आणि बहुसंख्य वाचकांना त्याचा उपयोग होईल याबद्दल मला शंका नाही. मात्र लेखाच्या शेवटी प्रत्येक मधुमेही व्यक्तीने उपाशीपोटी इन्सुलिन तपासून ‘होमा-आयआर’ हा प्रतिरोधाचा आकडा काढून घ्यावा, असा सरसकट सल्ला दिला आहे. ज्यांना प्रौढ वयात स्वयंप्रतिकार मधुमेह झाला आहे, म्हणजे ज्यांच्या शरीराच्या संरक्षक यंत्रणेनेच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करायला घेतल्या आहेत, त्यांनी हा सल्ला पाळल्यास त्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

स्वयंप्रतिकार मधुमेह हा लहान मुलांचा आजार आहे, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. डॉक्टरही तिला अपवाद नाहीत. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना वयाच्या ५६व्या वर्षी मधुमेह झाला, तेव्हा सुरुवातीला तो टाइप टू समजला गेला आणि गोळ्या लागू पडेनात तेव्हा पुढच्या तपासण्यांतून तो टाइप वन, म्हणजे स्वयंप्रतिकार मधुमेह, असल्याचे कळले. त्याच देशातील ‘यूकेपीडीएस’ या मोठ्या अभ्यासात टाइप टू म्हणून नोंदवलेल्या ३,६७२ रुग्णांचे रक्त तपासले गेले तेव्हा सुमारे १० टक्के लोकांत ‘गॅड’ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे स्वयंप्रतिकार मधुमेहाची खूण, सापडली, आणि ३५ वर्षांखालील रुग्णांत हे प्रमाण सुमारे एकतृतीयांश होते. हे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. आकडे ब्रिटनचे असल्याने ते आपल्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, पण असे रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण विभागात टाइप टूचे कागद घेऊन बसलेले असतात, हे मधुमेहाचे काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. यांपैकी ज्यांची बीटा पेशींची हानी संथपणे होते आणि निदानानंतर काही महिने किंवा वर्षे गोळ्यांवर निभावते, त्यांच्या आजाराला ‘लाडा’ म्हणतात.

आता ‘होमा-आयआर’ म्हणजे काय ते पाहू. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८५ साली मांडलेल्या गणिती प्रारूपाचे ते सोपे रूप आहे. उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि उपाशीपोटीची साखर यांचा गुणाकार करायचा आणि साखर मिलिग्रॅममध्ये मोजली असेल तर त्याला ४०५ ने भागायचे. यामागचे गृहीतक असे, की स्वादुपिंड धडधाकट आहे, ते साखरेला प्रतिसाद देत आहे आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नसेल तर ते अधिक इन्सुलिन सोडून भरपाई करत आहे. स्वयंप्रतिकार मधुमेहात नेमके हे गृहीतकच कोसळलेले असते. उदाहरणादाखल, ज्याच्या बीटा पेशी संपत आल्या आहेत आणि ज्याने अद्याप इन्सुलिन सुरू केलेले नाही, अशा माणसाची उपाशीपोटी साखर १९० आणि इन्सुलिन ४ आले, तर होमा-आयआर १.९ च्या आसपास येतो. रिपोर्टवर त्यापुढे ‘नॉर्मल’ असे छापले जाते आणि ज्याला तातडीने इन्सुलिनची गरज आहे तो माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. याउलट जो रात्री दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन टोचून घेतो त्याच्या रक्तात सकाळी इन्सुलिन २८ आणि साखर १६० आली तर होमा-आयआर ११ च्या वर जातो. हे २८ त्याच्या स्वादुपिंडाने बनवलेले नसून त्याच्या पेनमधून आलेले असते. त्यातही गंमत नाही तर गोंधळ असा, की काही प्रयोगशाळांची यंत्रे टोचलेले आधुनिक इन्सुलिन मोजतात आणि काहींची मोजत नाहीत, त्यामुळे एकाच रक्ताचे दोन ठिकाणी दोन अगदी वेगळे आकडे येऊ शकतात. अनेक वर्षे इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात टोचलेल्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असली, तर मोजमाप आणखी बिघडते.

माझ्याकडे मध्यंतरी चाळिशीतील एक गृहस्थ आले. अंगाने सडपातळ, गॅड प्रतिपिंडे पूर्वीच सापडलेली, इन्सुलिनवर व्यवस्थित चाललेले. कार्यालयातून मिळालेल्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये होमा-आयआर लाल अक्षरात आला, आणि ‘तुमचा प्रश्न इन्सुलिनच्या कमतरतेचा नसून प्रतिरोधाचा आहे, बाहेरून इन्सुलिन घेतल्याने तो वाढतो’ असे कोणीतरी सांगितल्यावरून त्यांनी सुया बंद करून कडक आहार सुरू केला. ते आले तेव्हा त्यांना उलट्या होत होत्या, श्वास खोल आणि जलद चालला होता, श्वासाला कुजत चाललेल्या फळासारखा वास येत होता आणि लघवीत कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्ले) भरपूर होते. अतिदक्षता विभागात त्यांचा जीव वाचला. त्यांच्या हातातील रिपोर्टवर ज्याने रक्त दिले तो माणूस इन्सुलिन घेतो की नाही, याची नोंद करायला जागाच नव्हती.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की स्वयंप्रतिकार मधुमेहात इन्सुलिन प्रतिरोध नसतोच. तो असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष होते ही माझी दुसरी तक्रार आहे. लंडनचे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली रुग्णांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकत्र देऊन दाखवून दिले की काही मधुमेही इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देतात आणि काही देत नाहीत. त्या विभागणीतूनच पुढे कमतरतेचा एक मधुमेह आणि प्रतिरोधाचा दुसरा, अशी शिकवण रूढ झाली आणि दोन्ही गोष्टी एकाच शरीरात नांदू शकतात हे मागे पडले. १९९१ साली जर्मनीतील संशोधकांनी नोंदवले की ज्या टाइप वन रुग्णांच्या नात्यात टाइप टू मधुमेह होता, त्यांचे वजन अधिक होते, त्यांना इन्सुलिन अधिक लागत होते आणि तरीही त्यांची साखर आटोक्यात येत नव्हती. यालाच आता ‘दुहेरी मधुमेह’ म्हणतात. आपल्याकडे ज्या घरात आई, वडील, मामा, आत्या असे कोणी ना कोणी टाइप टूचे असते, त्या घरातील स्वयंप्रतिकार मधुमेहाच्या माणसाला हा वारसा चुकलेला असेल असे गृहीत धरण्याचे काही कारण नाही.

त्याशिवाय एक कारण उपचारातच आहे. निरोगी माणसात स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतात जाते आणि त्यातले जवळपास निम्मे तिथेच खर्च होते. त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन मात्र आधी सर्व शरीरात पसरते, त्यामुळे यकृताला पुरेसे पोहोचावे म्हणून स्नायूंना आणि चरबीला गरजेपेक्षा जास्त इन्सुलिनमध्ये राहावे लागते आणि हळूहळू स्नायू त्याला दाद देईनासे होतात. म्हणूनच वजन योग्य असलेल्या टाइप वन रुग्णांतही थोडाफार प्रतिरोध आढळतो. त्यावर पोटाची चरबी वाढली की तो चांगलाच बळावतो. आणि आपल्या लोकांची चरबी डोळ्यांना दिसतेच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे एकत्र छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ‘किरकोळ अंगाचा आहे, याला कसला प्रतिरोध’ असे म्हणून मोकळे होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ते छायाचित्र एकदा पाहावे.

मग प्रतिरोध मोजायचा कसा? सर्वांत विश्वसनीय पद्धत म्हणजे १९७९ साली राल्फ डिफ्रान्झो आणि सहकाऱ्यांनी प्रमाणित केलेली ‘क्लॅम्प’ चाचणी. एका शिरेतून ठरलेल्या वेगाने इन्सुलिन सोडत राहायचे, दुसरीतून ग्लुकोज द्यायचे, दर पाच मिनिटांनी साखर तपासून ग्लुकोजचा वेग असा कमीजास्त करायचा की साखर नव्वद ते शंभरच्या आसपास स्थिर राहील, आणि दोन तासांच्या अखेरीस ती स्थिर ठेवायला किती ग्लुकोज लागले ते पाहायचे. जास्त लागले तर शरीर इन्सुलिनला चांगले दाद देते, कमी लागले तर प्रतिरोध. स्वयंप्रतिकार मधुमेहात आदल्या रात्रीपासून शिरेतून इन्सुलिन देऊन साखर सपाटीवर आणावी लागते. रोजच्या व्यवहारात हे शक्य नाही.

म्हणून २००० साली अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संशोधकांनी टाइप वन असलेल्या २४ प्रौढांवर क्लॅम्प चाचणी करून तिच्या निकालाशी जुळणारे एक सूत्र काढले. त्याच्या सध्या प्रचलित रूपात कंबरेचा घेर, उच्च रक्तदाब आहे की नाही आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, एवढ्याच गोष्टी लागतात. इन्सुलिनची रक्ततपासणी अजिबात लागत नाही, आणि हेच त्याचे मोल आहे. २१.१५८ मधून कंबरेच्या सेंटिमीटरला ०.०९ ने गुणून आलेली संख्या वजा करायची, उच्च रक्तदाब असल्यास आणखी ३.४०७ वजा करायचे आणि एचबीएवनसीला ०.५५१ ने गुणून तेही वजा करायचे. कंबर ८० सेंटिमीटर, रक्तदाब नाही, एचबीएवनसी ७.५ असेल तर उत्तर ९.८ येते. कंबर ९८, रक्तदाब आहे, एचबीएवनसी ८.४ असेल तर ४.३. आकडा जितका लहान तितका प्रतिरोध मोठा. स्वीडनच्या राष्ट्रीय मधुमेह नोंदवहीवरील अभ्यासांत हा आकडा खाली असलेल्या टाइप वन रुग्णांत हृदयविकार आणि मृत्यू अधिक आढळले, त्यामुळे त्याची दखल घेणे आवश्यकच आहे.

तरीही हे सूत्र डोळे झाकून वापरू नये. ते २४ अमेरिकनांवर बेतलेले आहे आणि कमी घेरातही अधिक चरबी बाळगणाऱ्या आपल्या शरीरांत ते प्रतिरोध कमी दाखवण्याची शक्यता आहे. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरतात ती याचसाठी. एचबीएवनसी हा त्यातला सर्वांत हळवा घटक आहे. लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झालेल्या स्त्रीत तो खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत जिथे सिकलसेल आढळतो तिथे त्यावर विसंबताच येत नाही. कोणी इन्सुलिनचे डोस वारंवार चुकवत असेल तर एचबीएवनसी चढतो आणि सूत्र प्रतिरोध दाखवते, जो प्रत्यक्षात नसतोही. शिवाय मोजमाप नीट घेतले जात नाही ही साधी बाब आहे. साडीच्या निऱ्यांवरून आणि परकराच्या गाठीवरून टेप गुंडाळलेला मी अनेकदा पाहिला आहे. टेप उघड्या त्वचेवर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर आणि न आवळता धरावा लागतो. त्यासाठी स्त्री-रुग्णाला आडोसा आणि सोबतीला परिचारिका लागते.

दिवसभराच्या इन्सुलिनचे एकूण एकक वजनाने भागून अंदाज बांधण्याचीही पद्धत आहे. टाइप वनच्या प्रौढाला बहुधा दर किलोमागे ०.४ ते १ एकक लागते, आणि त्याहून बरेच जास्त लागू लागले की प्रतिरोधाचा संशय येतो. हा संशय रास्त आहे, पण प्रतिरोध ठरवण्याआधी टोचलेले इन्सुलिन शरीरात खरोखर पोहोचते का, हे पाहायला हवे आणि ते बहुतेक ठिकाणी पाहिले जात नाही. रुग्णाला झोपवून पोटावरून बोटे फिरवली की सवयीच्या जागी रबरासारख्या मऊ गाठी हाताला लागतात. वर्षानुवर्षे त्याच जागी टोचल्याने त्या होतात, तिथे दुखत नाही म्हणून रुग्ण तीच जागा पसंत करतो, आणि तिथून इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी नाही. जागा बदलायला सांगताना डोस कमी करावा लागतो, नाहीतर तोच डोस चांगल्या त्वचेत गेल्यावर साखर धोकादायकरीत्या उतरते. दुसरी गोष्ट सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० एककांच्या तीव्रतेचे आणि पेनमधले १०० एककांचे असते. ४० च्या बाटलीतून कोणी १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात प्रत्यक्षात ८ एकके जातात, वहीत मात्र २० लिहिली जातात. आणि याच्या उलट चूक झाली तर २० ऐवजी ५० एकके जातात, जो प्राणघातक प्रकार आहे. तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या घरात, फ्रीजशिवाय, खिडकीत ठेवलेल्या बाटलीतले इन्सुलिन निकामी होते आणि त्याचा ठपका रुग्णाच्या शरीरावर ठेवला जातो. स्टिरॉइडच्या गोळ्या, लपलेला संसर्ग, थायरॉइडचे विकार, स्त्रियांमध्ये पीसीओएस हा अंडाशयाचा विकार, ही कारणेही विचारून घ्यावीत.

इन्सुलिन स्वतःचे किती उरले आहे याचे उत्तर ‘सी-पेप्टाइड’ देते. स्वादुपिंड इन्सुलिन बनवते तेव्हा त्याच्या बरोबरीने तेवढेच सी-पेप्टाइड सुटते, आणि बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसते. लाडाविषयीच्या २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार सी-पेप्टाइड ०.३ नॅनोमोलपेक्षा कमी, म्हणजे आपल्या प्रयोगशाळांच्या भाषेत सुमारे ०.९ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर त्या रुग्णावर टाइप वनप्रमाणेच उपचार करावेत. ०.३ ते ०.७ हा सीमेवरचा पट्टा आहे आणि तिथे दर सहा महिन्यांनी तपासणी करत राहावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा आकडा फुगतो, साखर फार कमी असताना रक्त घेतले तर तो घटतो, म्हणून त्याच वेळची साखर आणि क्रिएटिनिन सोबत पाहावे. माझ्या मते क्रम असाच असायला हवा: आधी प्रतिपिंडे आणि सी-पेप्टाइड, मग टोचण्याची पद्धत आणि शरीरावरील खुणा, त्यानंतर कंबर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, यकृतातील चरबी आणि वरचे सूत्र. रिपोर्टमधला होमा-आयआर यात कुठेच येत नाही.

प्रतिरोध सिद्ध झाला तरी इन्सुलिन थांबवायचे नसते. मेटफॉर्मिन जोडण्याचा प्रयोग ४० वर्षांवरील ४२८ टाइप वन रुग्णांवर तीन वर्षे झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. वजन आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडे उतरले, साखरेवरचा परिणाम मात्र टिकला नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या टाइप टूमध्ये उत्तम आहेत, पण इन्सुलिनचा तुटवडा असलेल्या माणसात त्यांच्यामुळे साखर फारशी न वाढताच कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा प्रकार, होऊ शकतो, आणि म्हणून ‘प्रतिरोध आहे’ एवढ्या शेऱ्यावर त्या लिहून देणे अत्यंत जोखमीचे आहे. चालणे, स्नायूंना ताण देणारा व्यायाम आणि कंबर कमी करणे यांचा उपयोग निश्चित होतो, पण त्याबरोबर डोस बदलावे लागतात आणि तो बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हायला हवा.

आपल्या दैनिकामार्फत तीन आणि खुद्द आपल्याला एक, अशा चार विनंत्या कराव्याशा वाटतात. खासगी प्रयोगशाळांनी उपाशीपोटी इन्सुलिनची चाचणी करण्यापूर्वी ‘आपण इन्सुलिन टोचता का’ हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर ‘हो’ असेल तर होमा-आयआर छापूच नये. राज्याच्या आरोग्य विभागाने जिल्हा रुग्णालयांतील असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात गॅड प्रतिपिंडे आणि सी-पेप्टाइड यांची सोय करावी, निदान ४० वर्षांखालच्या, बारीक अंगाच्या आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी तरी. सिरिंज आणि बाटली यांची तीव्रता जुळते का, हे औषध देणाऱ्या खिडकीवरच पाहिले जावे. आणि आपण मूळ लेखाखाली, जिथे होमा-आयआर काढून घेण्याचा सल्ला आहे तिथेच, इन्सुलिन घेणाऱ्या व प्रतिपिंडे आढळलेल्या रुग्णांनी ही चाचणी करू नये आणि कोणत्याही रिपोर्टवरून इन्सुलिन बंद करू नये, अशी ठळक सूचना पुढील पुरवणीत प्रसिद्ध करावी.

आपला विश्वासू,
एक मधुमेह-चिकित्सक, कराड (जि. सातारा)